ठेकेदार गेला, आता भागीदार?

पश्चिम रेल्वेच्या विरार-डहाणू पट्ट्यात पालघर आणि बोईसर यांच्या मध्ये उमरोळी हे एक लहानसे स्थानक आहे. मुंबईकडून येणाऱ्या प्रवाशाच्या लेखी तो केवळ एक थांबा. मात्र या जिल्ह्याच्या अर्थकारणाचे दोन परस्परविरोधी भाग एकमेकांना भिडतात ते याच परिसरात. पुढचेच स्थानक बोईसर. तेथे तारापूरची औद्योगिक वसाहत आहे आणि तिच्याजवळच १९६९ पासून वीज देणारे अणुऊर्जा केंद्र. रुळांच्या पूर्वेला मनोर, विक्रमगड आणि जव्हारच्या दिशेने डोंगर चढत जातात. तो वारली, कातकरी, कोकणा, महादेव आणि मल्हार कोळी यांचा मुलूख. एकीकडे भांडवल आणि बाजारपेठ, तर दुसरीकडे जंगल आणि राबणारे हात. या दोहोंना सन्मानाने जोडील असा एक दुवा स्वातंत्र्याच्या वेळीच घडवण्यात आला होता. जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या हा तो दुवा. आज त्यांतील अनेक सोसायट्या केवळ नावापुरत्या उरल्या आहेत.

सामूहिक मालकीचा वनोद्योग एकदा बंद पडला की, तो खासगी भागीदाराच्या मदतीने पुन्हा उभा करावा, असा विचार अलीकडच्या काळात वारंवार मांडला जातो. २०१५ मध्ये केंद्रीय वनमंत्रालयाने अवनत वनांच्या पुनर्वनीकरणात खासगी क्षेत्राला सहभागी करून घेण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. २०१८ च्या राष्ट्रीय वननीतीच्या मसुद्यातही सार्वजनिक-खासगी भागीदारीचा पुरस्कार होता. या विचाराला होणारा विरोध तितकाच जुना आणि तितकाच ठाम आहे. समर्थकांना वाटते की, भांडवल आणि बाजाराची जाण यांच्याविना गावकऱ्यांचा उद्योग टिकणार नाही. विरोधकांना भीती वाटते की, भागीदाराच्या वेषात जुना ठेकेदारच परत येईल. दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या आहेत. परंतु औषध कोणते द्यायचे हे ठरवण्याआधी मूळ उद्योग का फसला याचे निदान नीट व्हायला हवे, आणि नेमके तेच या वादात राहून जाते.

ठेकेदारीविरुद्धचा प्रयोग

जुन्या ठाणे जिल्ह्यातील जंगलतोडीची पद्धत ब्रिटिश राजवटीत ठरून गेली होती. वनखात्याने तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्याला ‘कूप’ म्हणतात. या कुपांचा जाहीर लिलाव होई आणि ठेकेदार ते घेत. झाडे तोडायला, ओंडके ओढायला आणि कोळसा पाडायला आदिवासी मजूर असत. पावसाळ्यात घेतलेल्या खावटीच्या किंवा लग्नासाठी काढलेल्या कर्जाच्या मोबदल्यात त्यांच्या श्रमाचा सौदा आधीच झालेला असे. डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई प्रांतातील आदिवासींच्या स्थितीविषयी सरकारला जो अहवाल दिला, त्यात सावकार, जमीनदार आणि जंगल ठेकेदार यांच्या या साखळीचे स्पष्ट वर्णन आहे. पुढे १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी मिळावी ही त्यातील एक प्रमुख मागणी होती. हे गवत मुंबईच्या तबेल्यांत आणि बाजारात जात असे. म्हणजे जंगलातील मालाला शहरात गिऱ्हाईक नव्हते असे कधीच नव्हते. गिऱ्हाईक आणि मजूर यांच्या मध्ये कोण उभा आहे आणि तो किती ठेवून घेतो, हाच तेव्हाही प्रश्न होता.

या अस्वस्थतेच्या पार्श्वभूमीवर बाळासाहेब खेर यांच्या सरकारने १९४७ च्या सुमारास जंगल कामगार सोसायट्यांची योजना अमलात आणली. खेरांनी १९४० मध्ये स्थापन केलेले आदिवासी सेवा मंडळ ठाणे जिल्ह्यात या कामात पुढे होते. योजनेमागची कल्पना सरळ होती. कुपाचा लिलाव न करता ते मजुरांच्याच सहकारी संस्थेला द्यायचे. ठेकेदाराचा नफा मजुरीत आणि संस्थेच्या निधीत जिरवायचा. त्या निधीतून शाळा, दवाखाना, धान्यकोठार यांसारखी कामे करायची. संस्थांना मार्गदर्शन करण्यासाठी सामाजिक कार्यकर्त्यांची एक पुरस्कर्ती संस्था ठेवायची. मुंबई राज्यातील या प्रयोगाचे पुढे ढेबर आयोगाने कौतुक केले आणि इतर राज्यांतही त्याचे अनुकरण झाले. काही वर्षे या सोसायट्यांनी खरोखरच चांगले काम केले. पूर्वीच्या तुलनेत मजुरी वाढली आणि मुकादमाच्या दंडुक्याऐवजी हजेरीपत्रक आले, हे विसरता कामा नये.

मालकी होती ती कशाची?

असे असताना या सोसायट्या पुढे निस्तेज का झाल्या? याचे नेहमीचे उत्तर असे की, आदिवासींना व्यवहार जमला नाही, सचिवांनी हिशेब बिघडवले आणि राजकारण शिरले. यात तथ्य नाही असे नाही. सभासदांत निरक्षरता मोठी होती, हिशेब मूठभर बिगर-आदिवासी पुढाऱ्यांच्या आणि पगारी सेवकांच्या हाती राहिला, आणि अनेक ठिकाणी वार्षिक सभा हा अंगठे उमटवण्याचा उपचार झाला. परंतु सहकारात हे दोष सर्वत्रच आढळतात. तशाच दोषांसह महाराष्ट्रात साखर कारखाने आणि दूध संघ वाढले. तेव्हा जंगल कामगार सोसायट्यांच्या अपयशाचे मूळ अन्यत्र शोधावे लागते.

हे मूळ मालकीच्या स्वरूपात आहे. सोसायटी सभासदांच्या मालकीची होती हे खरे; पण सोसायटीच्या मालकीचे काय होते? जंगल सरकारचे. तोडायचे झाड कोणते, ते वनखाते ठरवणार. लाकूड डेपोवर पोचले की लिलाव वनखात्याच्या देखरेखीखाली होणार. खर्च वजा जाता उरलेल्या रकमेतील वाटा सरकारी आदेशाने ठरणार आणि तो केव्हा हाती पडेल, हेही सरकारी कार्यालयावर अवलंबून. म्हणजे संस्थेच्या हाती खऱ्या अर्थाने एकच गोष्ट होती, ती म्हणजे सभासदांची मेहनत. लाकडाचे फर्निचर करणारा कारखाना नव्हता, बाजारात स्वतःचे नाव नव्हते आणि पुढील वर्षी कूप मिळेल याची हमीही नव्हती. वास्तविक ही मजुरांची सहकारी संस्था होती. तिला वनोद्योग म्हणणे हा आपला भाबडेपणा होता.

त्यामुळे कुपांचा पुरवठा आटू लागताच ही इमारत ढासळली. १९७४ मध्ये महाराष्ट्र वनविकास महामंडळ स्थापन झाले आणि राज्यातील वनाचा एक भाग त्याच्या ताब्यात गेला. १९८० चा वनसंवर्धन कायदा आला. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने महसुलापेक्षा संवर्धनाला अग्रक्रम दिला. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात आदेश देऊन मंजूर कार्य आयोजनेबाहेरच्या वृक्षतोडीला पायबंद घातला. यातील बहुतेक निर्णय पर्यावरणाच्या दृष्टीने आवश्यकच होते. मात्र तोडीवर जगणाऱ्या संस्थांनी आता काय करायचे, याचा विचार कोणीही केला नाही. तोड हेच ज्या संस्थेचे एकमेव काम, तिला जंगल वाचवण्याच्या युगात स्थान उरले नाही.

याच काळात उमरोळीच्या पलीकडे कारखाने वाढत होते. डोंगरातला तरुण कंत्राटी कामगार म्हणून बोईसरच्या दिशेने उतरू लागला. ज्यांना तेही जमले नाही, ती कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जाऊ लागली. मुले शाळा सोडून आईबापांबरोबर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तेव्हा कुपोषणाची चर्चा पुष्कळ झाली. परंतु गावातच वर्षभर रोजगार देऊ शकेल अशी जी एक संस्था होती, ती कशी विझली याची चर्चा झाली नाही. वनोद्योगाचे पुनरुज्जीवन हा म्हणूनच केवळ सहकाराचा किंवा वनव्यवस्थापनाचा विषय नाही. आदिवासी कुटुंबाने वर्षाचे सहा महिने आपल्या घरात राहायचे की वीटभट्टीच्या खोपटात, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

कायद्याने बदललेली जमीन

२००६ च्या वनहक्क कायद्याने या प्रश्नाची कायदेशीर भूमी मुळातून बदलली. या कायद्याने गौण वनोपजाची मालकी, ते गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क वनवासींना दिला. बांबूही त्यात स्पष्टपणे समाविष्ट केला. सामूहिक वनहक्क मिळालेल्या क्षेत्राचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. कायद्याखालील नियमांत तर गोळा करणाऱ्यांनी आपल्या सहकारी संस्था किंवा संघ यांच्यामार्फत मालावर प्रक्रिया करावी, साठवण करावी आणि विक्री करावी, असे नमूद आहे. २०१२ च्या सुधारणेने वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेच्या समितीला दिला. म्हणजे १९४७ च्या योजनेत जे नव्हते ते आता आहे. तेव्हा संस्था होती, पण मालकी नव्हती. आज अनेक गावांत मालकी आहे, पण ती वापरणारी संस्था नाही.

यात एक मर्यादा आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. इमारती लाकूड गौण वनोपजात मोडत नाही. त्यामुळे सागाच्या कुपांवर चालणारी जुनी सोसायटी जशीच्या तशी उभी करता येणार नाही, आणि करूही नये. नव्या उद्योगाचा आधार बांबू, मोहाची फुले, गुलवेल, गवत, शिकेकाई, जांभूळ अशा मालावरच असायला हवा. पालघर तालुका संपूर्ण नसून अंशतः अनुसूचित क्षेत्र आहे. त्यामुळे पेसा कायद्याचे संरक्षण सर्व गावांना सारखे नाही, याचीही जाण ठेवावी लागेल.

खासगी भागीदार लागतो कशासाठी?

मालकी मिळाली म्हणजे उद्योग आपोआप उभा राहत नाही, हे खासगी भागीदारीच्या समर्थकांचे म्हणणे योग्यच आहे. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पडतात. गवत दिवाळीच्या सुमारास कापावे लागते. माल एका हंगामात येतो आणि भाव दुसऱ्या हंगामात मिळतो. मधल्या काळात गोळा करणाऱ्या बाईला रोख पैसा हवा असतो. ग्रामसभेकडे खेळते भांडवल नसेल, तर ती आठवडे बाजारातील व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने माल घालते. वाळवण, साठवण, प्रतवारी, तपासणी यांसाठी यंत्रे आणि कौशल्य लागते. औषध कंपनीला ठरावीक आर्द्रतेचा, ठरावीक प्रतीचा माल ठरलेल्या तारखेला हवा असतो. या गोष्टी केवळ आदर्शवादाने साधत नाहीत.

शेजारच्या ठाणे जिल्ह्यातील शहापूरचे उदाहरण यासंदर्भात बोलके आहे. तेथील कातकरी तरुणांच्या संस्थेने गुलवेल गोळा करून विकण्याचे काम हाती घेतले. केंद्राच्या वन धन योजनेतून तिला साह्य मिळाले. २०२०-२१ मध्ये, करोनाच्या काळात गुलवेलीला मागणी वाढली, तेव्हा देशातील नामांकित आयुर्वेदिक औषध कंपन्यांनी या संस्थेकडे मोठ्या प्रमाणावर मागणी नोंदवली. ज्या कातकरी समाजाकडे शहर केवळ वेठबिगार म्हणून पाहत आले, त्याच समाजातील तरुण कंपन्यांशी दराविषयी बोलणी करू लागले. हीदेखील खासगी भागीदारीच आहे. परंतु येथे कंपनीचे स्थान ग्राहकाचे आहे. माल कोणाचा, कोणी आणि किती गोळा करायचा, हे ती ठरवत नाही.

अर्थात यातही धोका आहे. टनावारी मागणी आली की वेल मुळापासून उपटण्याचा मोह होतो आणि दोन-चार हंगामांत जंगल रिते होते. भागीदार कितीही प्रामाणिक असला, तरी त्याचा हिशेब टनांचा असतो. ‘यंदा एवढेच, यापुढे नाही’ असे म्हणण्याचा अधिकार आणि धैर्य ग्रामसभेकडेच असावे लागते.

विदर्भाने दिलेले धडे

हे धैर्य कोठून येते, हे पाहण्यासाठी विदर्भाकडे वळावे लागेल. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कागदोपत्री हक्क मिळूनही बांबू विकू दिला जाईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक गावाच्या हाती आले. त्याआधी अनेक दशके याच विभागातील बांबू कागद गिरणीला सवलतीच्या दराने जात होता. तीही एक खासगी भागीदारीच होती. तिच्यात सरकारला स्वामित्वधन, गिरणीला कच्चा माल आणि गावाला फक्त मजुरी मिळत होती. माल तोच, जंगल तेच आणि तोडणारे हातही तेच. मालकी बदलताच हिशेबाचा तळ बदलला.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव आणखी एक पाऊल पुढे गेले. बांबूची विक्री गावाने स्वतःच्या हाती घेतलीच. शिवाय तेंदूपानांसाठी झाडे छाटावी लागतात आणि जंगलाला आगी लावल्या जातात म्हणून तेंदू तोडायचाच नाही, असे गावाने ठरवले. हाती येऊ शकणाऱ्या पैशावर पाणी सोडण्याचा असा निर्णय कोणताही भागीदार घेऊ शकला नसता.

गोंदिया-गडचिरोलीतील अनेक ग्रामसभांनी २०१३ पासून तेंदूपानांचा लिलाव स्वतः करायला सुरुवात केली. येथे खासगी व्यापाऱ्याशिवाय काम चालतच नाही, कारण विडी कारखान्यांपर्यंतचा रस्ता त्यालाच माहीत. ग्रामसभा एकत्र आल्या, निविदा काढल्या आणि भावासाठी घासाघीस करू लागल्या. पूर्वी वनखात्यामार्फत मजुरी आणि बोनस घेणाऱ्या गावांना आता विक्रीची किंमत दिसू लागली. मात्र काही ठिकाणी व्यापाऱ्यांनी माल उचलला आणि पैसे थकवले. तेव्हा पुरेशी अनामत आणि पक्का करार नसलेल्या ग्रामसभांची कोंडी झाली. वाटाघाटीचे स्वातंत्र्य मिळाले तरी वसुलीचे बळ आपोआप मिळत नाही, हा त्यातील धडा.

याच्या उलट टोकाचा अनुभवही महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. आदिवासींची आर्थिक पिळवणूक थांबवण्यासाठी १९७६ मध्ये राज्याने कायदा केला आणि आदिवासी विकास महामंडळामार्फत एकाधिकार खरेदीची योजना राबवली. हेतू उत्तम होता. परंतु खरेदीदार एकच असला की, त्याचे केंद्र वेळेवर उघडले नाही किंवा पैसे उशिरा मिळाले तरी विकणाऱ्याला दुसरा दरवाजा नसतो. हा एकटा खरेदीदार सरकारी असो वा खासगी, परिणाम सारखाच.

ओआहाकाचा मार्ग

जगात इतरत्र काय घडले, हेही पाहण्यासारखे आहे. मेक्सिकोतील ओआहाका प्रांताच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात १९५६ मध्ये तेथील सरकारने एका कागद कंपनीला पंचवीस वर्षांसाठी गावांच्या सामूहिक जंगलांतील तोडीचा परवाना दिला. जमीन कायद्याने झापोतेक आणि अन्य आदिवासी समूहांची, पण लाकूड कंपनीचे. गावकऱ्यांना हलकी मजुरी तेवढी मिळे. परवान्याची मुदत १९८०च्या दशकाच्या आरंभी संपत आली, तेव्हा गावे एकजुटीने उभी राहिली आणि त्यांनी मुदतवाढ रोखली. त्यानंतर इश्तलानसारख्या गावांनी आपले स्वतःचे तोड-व्यवसाय उभारले, पुढे लाकूड कापण्याच्या गिरण्या घेतल्या आणि फर्निचर बनवून विकण्यापर्यंत मजल मारली. उद्योगाचा कारभार गावसभा पाहते आणि नफ्यातला वाटा गावाच्या कामांना जातो.

या गावांनी खासगी बाजाराकडे पाठ फिरवली नाही. त्यांनी आधी मालकी सिद्ध केली आणि मग व्यवहार केला. कंपनीच्या हाताखाली शिकलेले काम त्यांना पुढे उपयोगी पडले, हेही खरे. क्रम मात्र महत्त्वाचा. मालकी आधी, भागीदारी नंतर. हा क्रम उलटला की भागीदारीचे रूपांतर ठेकेदारीत व्हायला फार वेळ लागत नाही.

अटी कोणत्या असाव्यात?

पालघरसारख्या जिल्ह्यात बंद पडलेल्या जंगल कामगार सोसायट्या किंवा त्यांच्या जागी नव्या संस्था उभ्या करायच्या, तर वरील अनुभवांतून काही अटी स्पष्टपणे पुढे येतात. पहिली अट अशी की, सामूहिक वनहक्काचे दावे निकाली निघून व्यवस्थापनाचा आराखडा तयार झाल्याखेरीज कोणत्याही खासगी संस्थेशी करार होऊ नये. ज्या वस्तूवर आपला हक्क लेखी झालेला नाही, तिच्या सौद्यात दुर्बल पक्ष कोण असणार, हे सांगायला नको.

दुसरी अट भागीदाराच्या स्थानाविषयी. त्याने माल विकत घ्यावा, प्रक्रियेचे तंत्र द्यावे आणि हवे तर आगाऊ रक्कम द्यावी. परंतु संस्थेच्या संचालक मंडळावर त्याचा माणूस नसावा आणि जंगलाचा कोणताही तुकडा त्याच्या ताब्यात जाऊ नये. जुन्या सोसायट्यांत पुरस्कर्त्यांनी हात धरून चालायला शिकवले. पण अनेक ठिकाणी तो हात सुटलाच नाही. ती चूक पुन्हा करायची नाही.

तिसरी अट पैशाची. माल उचलण्यापूर्वी बँक हमी किंवा अनामत आणि पैसे चुकते होईपर्यंत मालावर संस्थेची मालकी, हे करारात असायलाच हवे. चौथी अट मुदतीची. करार दोन-तीन हंगामांपेक्षा मोठा नसावा आणि एकाच खरेदीदाराशी नसावा. पाचवी अट सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित. वजनकाटा गावाचा असावा आणि हिशेबाची वही दरमहा ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी. जुन्या सोसायट्या बुडाल्या त्या सभासदांना वही दिसत नव्हती म्हणूनही. आज प्रत्येक वाडीत शाळा-महाविद्यालयात गेलेली एक तरी मुलगी आहे. १९४७ मध्ये ती नव्हती. या फरकाची किंमत कोणत्याही यंत्रापेक्षा मोठी आहे.

येथे उद्योगांच्या सामाजिक दायित्वाचाही उल्लेख करायला हवा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. साहजिकच औद्योगिक पट्ट्यालगतच्या डोंगरांत असा निधी पोचतो आणि त्यातून काही चांगली कामे होतातही. परंतु देणगी आणि व्यापार यांत फरक आहे. देणगीचा प्रकल्प तीन वर्षांनी संपतो, अहवाल छापला जातो आणि शेडमधील यंत्र गंजत पडते. त्यापेक्षा कारखान्याने आपल्या गरजेच्या वस्तू, मग त्या बांधणीच्या टोपल्या असोत, बांबूच्या चटया असोत वा उपाहारगृहासाठी लागणारा मध, ग्रामसभेच्या संस्थेकडून रास्त भावाने नियमित खरेदी केल्या तर ती मदत अधिक टिकाऊ ठरेल. २०२३ मध्ये केंद्राने ग्रीन क्रेडिट योजना आणली. अवनत वनजमिनीवर झाडे लावून पत मिळवण्याची वाट तीत उद्योगांसाठी खुली आहे. ही ‘अवनत’ जमीन पुष्कळदा कोणा वाडीचे गुरचरण असते, कोणाची गवताची जागा असते. तेथे ग्रामसभेच्या संमतीशिवाय कुंपण पडले, तर पुनरुज्जीवनाच्या नावाखाली उरलासुरला आधारही जाईल.

सरकारची जबाबदारी यातून सुटत नाही. उलट ‘भागीदारी’ हा शब्द सरकारच्या अंगचोरीला झाकण म्हणून वापरला जाण्याचा धोका मोठा आहे. दावे वेळेत निकाली काढणे, ग्रामसभांना कमी व्याजाचे हंगामी भांडवल मिळवून देणे, थकबाकीदार व्यापाऱ्यांकडून वसुली करून देणे आणि वनोपजाला किमान भाव राखणे ही कामे कोणतीही कंपनी करणार नाही. ती सरकारलाच करावी लागतील.

इतिहासाचा ताळेबंद

सामूहिक मालकीचा प्रयोग फसला, म्हणून आता खासगी मार्ग, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण इतिहासाचा ताळेबंद तसे सांगत नाही. या डोंगरांत सामूहिक मालकीचा पुरता प्रयोग झालाच नव्हता. झाला तो सामूहिक मजुरीचा. तो जितका चालला तितका चालला आणि मजुरीचे काम संपताच थांबला. त्यात कोणती चूक होती हे ओळखून मालकी, वही आणि वजनकाटा गावाच्या हाती दिला, तर खासगी खरेदीदाराला घाबरण्याचे कारण नाही. या तीन गोष्टी न देता भागीदार आणला, तर १९४५ मध्ये ज्याच्याविरुद्ध वारली उठले तोच माणूस नव्या करारपत्रासह डोंगरात परत येईल, आणि या वेळी त्याच्या हातात सरकारी शिफारसपत्रही असेल.

उमरोळीच्या फलाटावर पहाटेच्या गाडीची वाट पाहणाऱ्या गर्दीत डोंगराकडून उतरलेले तरुण असतात. कारखान्यात काम करण्यात कमीपणा नाही. परंतु गावात राहून तेवढेच मिळवण्याचा पर्याय समोर असता तर यांतील किती जणांनी ही गाडी पकडली असती, या प्रश्नाचे उत्तर आज आपल्याला देता येत नाही. तो पर्याय त्यांना कधी मिळालेलाच नाही. तो कोणाच्या अटींवर मिळतो, यावरच पुनरुज्जीवनाच्या साऱ्या गोष्टींचे खरेखोटे ठरेल.